उलटी बेस, सुलटा वादक : नवशिक्या डावखुऱ्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या घरात उजव्या हाताची बेस गिटार आलेली आहे आणि हात मात्र डावा आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. गिटार कशी आली हे आम्ही विचारणार नाही. परदेशातून परतलेल्या मावसभावाने दिली असेल, बँड मोडल्यावर कोणी तुमच्याकडे ठेवून विसरून गेला असेल, किंवा स्वस्तात मिळाली म्हणून तुम्हीच घेतली असेल. डाव्या हाताच्या बेस कमी बनतात, दुकानात तर त्याहून कमी दिसतात, आणि दिसलीच तर तिचा भाव ऐकून डावा हात आपोआप खिशातून बाहेर येतो. तेव्हा आहे तीच उलटवायची. कोणालाही विचारा, ‘तारा उलट्या लावल्या की झालं’ असंच उत्तर मिळेल. हे उत्तर देणारे सगळे उजव्या हाताचे असतात.

पायरी शून्य : आपण डावखुरे आहोत याची खात्री

प्रसादासाठी डावा हात पुढे केला आणि आजीने ‘अंहं, तो हात’ म्हणून मागे ढकलला, असं लहानपणी झालं असेल तर निम्मी खात्री झाली. गिटारीला मात्र तेवढा पुरावा पुरत नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने फलंदाजी करतो. सौरव गांगुलीचा कारभार उजव्या हाताचा, पण बॅट डावी. लेखणीचा हात, बॅटचा हात आणि तारेचा हात असे तीन वेगळे हात एकाच माणसाला असू शकतात, मुळात हात दोनच असले तरी.

चाचणी सोपी आहे. घरात कोणी नसताना गाणं लावा आणि लांब दांड्याचा झाडू गिटारीसारखा धरा. विचार न करता जो हात छेडायला जातो तो तुमचा. विचार करून घेतलेली चाचणी रद्द समजावी. घरात कोणी असताना घेतलेलीही रद्द समजावी, कारण तिचा शेवट केर काढण्यात होतो.

इथेच एक गैरसोयीची गोष्ट सांगून टाकतो. गिटारीत दोन्ही हातांना कष्ट आहेत, त्यामुळे डावखुऱ्याने उजवीकडून शिकूच नये असं काही नाही. डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर डावखुरा आहे आणि उजव्या हाताने वाजवतो. गॅरी मूरही तसाच होता. अजून एकही सूर बोटात बसलेला नसेल तर थोडे दिवस उजवीकडून वाजवून बघा. जमलं तर पुढची पानं वाचायची गरज नाही, फेविक्विकचे पैसेही वाचतील. पण बोटं ऐकतच नसतील, ठेक्यावर येताना दर वेळी कणभर उशीर होत असेल, तर हट्ट करू नका. ठेका तारा छेडणाऱ्या हातात असतो, आणि बेसवाल्याकडे ठेक्याखेरीज कोणी फारसं काही मागत नाही.

डावखुऱ्या तबलजींचं बरं असतं. डग्गा उजवीकडे, तबला डावीकडे, जागा बदलली की बसले वाजवायला. गिटार एकच सलग वस्तू आहे आणि ती आधीच कोणाच्या तरी बाजूची झालेली आहे.

पायरी पहिली : काहीच न बदलता उलटी धरणे

खर्च शून्य. जाड तार खाली, बारीक वर. याला वेडेपणा म्हणण्याआधी यलोजॅकेट्स बँडमध्ये पूर्वी असलेला जिमी हॅस्लिप ऐका. तो बेस अशीच वाजवतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या एलिझाबेथ कॉटन यांनी गिटार अशीच उलटी धरून स्वतःची स्वतः शिकून घेतली. खर्जाच्या तारा बोटांनी, चाल अंगठ्याने, म्हणजे जगाच्या बरोबर उलट. पुढे जगच त्यांची पद्धत शिकायला बसलं.

सर्वांत गाजलेलं उदाहरण हॅम्बर्गचं. बीटल्सचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेसाठी बँड सोडून निघाला, तेव्हा त्याने आपली हॉफ्नर बेस पॉल मॅकार्टनीला तात्पुरती वापरायला दिली. अट एकच, तारांची अदलाबदल करायची नाही. मॅकार्टनी डावखुरा. त्याने ती तशीच उलटी वाजवली. उसनी वस्तू आणि वर अट, हा अनुभव आपल्याकडे ज्याला आहे त्याला मॅकार्टनीबद्दल एकदम जवळीक वाटेल. पुढे १९६१ मध्ये त्याने हॅम्बर्गमध्येच स्वतःची हॉफ्नर ५००/१ घेतली, व्हायोलिनच्या आकाराची. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे डावीकडून धरली तरी ती वेडगळ दिसत नाही, असं त्याने नंतर सांगितलं आहे. ती बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली आणि तब्बल पन्नास वर्षांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका घराच्या माळ्यावर सापडली. परत मिळाल्याचं २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं. एवढी वर्षं ती माळ्यावर का पडून राहिली याबद्दल आमचा तर्क असा की चोरी करणाऱ्यांतही उजव्या हाताचेच जास्त.

बेस अजून घ्यायची असेल तर अशीच सारख्या बाजूंची बघा. घेऊन झाली असेल तर ती बहुधा फेंडरच्या वळणाची असणार. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आली, तेव्हापासून बहुतेकांनी तिचंच वळण गिरवलं : एक लांब शिंग, एक आखूड शिंग आणि एका रांगेत चार खुंट्या. यातली एकही गोष्ट उलटवताना तुम्हाला मदत करणार नाही.

पायरी दुसरी : साहित्य आणि तारा

पक्कड, तार कापायचा कटर, बारीक स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, बारीक कानस, पॉलिश पेपर, ब्लेड, फेविक्विक, फेविकॉल, काडेपेटी, अंगाच्या साबणाची वडी, क्लिपवाला ट्यूनर, जुना टॉवेल आणि पांढरी नेलपॉलिश. शेवटची वस्तू जिची आहे तिला विचारून घ्यावी. तारांचा नवा संचही लागेल, आणि इथे कंजुषी चालत नाही. उजव्या हाताच्या बेसवर ई, ए, डी, जी या तारांपैकी सर्वांत जाड ई तार नेकच्या सर्वांत जवळच्या खुंटीला असते आणि तेवढ्याच मापाने कापलेली असते. आता तीच तार सर्वांत लांबच्या खुंटीला जायची आहे. जुनी तार चार-पाच बोटं आधीच संपेल आणि तुम्ही ती ओढून पुरवण्याचा प्रयत्न कराल. करू नका.

चारही तारांचा मिळून नेकवर साधारण पाऊणशे किलोंचा ताण असतो. एखादी खुंटी सपकन सोडलीत तर तार डोळ्यासमोरून जाते, म्हणून हळूहळू सैल करा. आपण नेमकं काय करतोय असं घरच्यांनी विचारलं तर ‘सर्व्हिसिंग’ म्हणा. या शब्दावर आपल्याकडे सगळ्यांचा विश्वास आहे.

नवी तार कापण्यापूर्वी ती पक्कडीने काटकोनात मोडा आणि मोडल्याच्या पुढे कापा. बेसच्या तारेत मधे एक गाभा असतो आणि त्यावर वेढे गुंडाळलेले असतात. सरळ तार कापली की वेढे आतून सैल होतात आणि ती कोरी तार कायमची मेल्यासारखी वाजते. खुंटीभोवती दोन-तीन वेढे बसतील एवढी लांबी ठेवा, आणि वेढे खालच्या दिशेने उतरू द्या.

पायरी तिसरी : नट

आता खरं काम. नट म्हणजे नेक जिथे संपतो आणि खुंट्यांचं डोकं सुरू होतं, तिथे बसवलेली हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी. तिच्यात चार खाचा असतात, आणि ‘तारा उलट्या लावल्या की झालं’ म्हणणाऱ्यांनी ही पट्टी जवळून कधी पाहिलेली नसते. नेहमीच्या संचात ई तार ०.१०५ इंचाची, म्हणजे अडीच मिलिमीटरहून जाड. सर्वांत बारीक ‘जी’ तार ०.०४५ इंचाची, सव्वा मिलिमीटरही नाही. खाचा त्याच मापाने कापलेल्या. अदलाबदल केली की ई तार जीच्या खाचेच्या तोंडावर नुसती टेकून राहते, आत उतरत नाही. जी तार ईच्या खाचेत खुळखुळते आणि जोरात छेडली की आडवी सरकते.

मग हुशार वाचक म्हणतो, नटच काढून फिरवून बसवतो. उत्तम विचार, आणि चुकीचा. खाचेचा तळ सपाट नसतो. फ्रेटच्या बाजूला तो उंच असतो आणि खुंट्यांकडे उतरत जातो, त्यामुळे तार नेमकी फ्रेटकडच्या कडेवरून सुटते. वाजणाऱ्या तारेची लांबी तिथपासून धरलेली असते. नट फिरवला की उतार उलटा होतो. तार मागच्या कडेला टेकते, पुढे खाचेच्या तळाला घासत जाते आणि मोकळी तार वाजवली की कुणकुणते. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर याच कुणकुणीसाठी जीव ओतून घोडी घासतात. बेसमध्ये मात्र तिला दोष म्हणतात. तुम्हाला तंबोराच हवा असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

डाव्या हाताचा तयार नट मिळाला तर तो घ्या. फेंडरच्या वळणाला साधारण सव्वातीन मिलिमीटर जाडीची पट्टी लागते. मिळाला नाही तर जुन्यावरच काम करा. आधी नटाच्या दोन्ही कडांना ब्लेड फिरवून पॉलिशचा थर कापा, नाहीतर नटाबरोबर नेकवरचा टवकाही निघून येतो. खोबणीत बसवलेला नट बाजूने सरकवून काढायचा, तर फ्रेटबोर्डच्या टोकाला नुसता चिकटवलेला नट फ्रेटकडून टिचकी देऊन. टिचकीसाठी लाकडाचा तुकडा आणि छोटी हातोडी. नारळ फोडायचा नाहीये.

नट हातात आला की जीची खाच ईसाठी रुंद करायची आणि डीची खाच एसाठी थोडीशी. नटाची खास कानस महाग येते. तिच्याऐवजी खुंटीवरून उतरवलेली जुनी ई तारच वापरा. तिचे वेढे खरखरीत असतात. दोन्ही हातांत ताणून धरली आणि खाचेत मागेपुढे ओढली की ती स्वतःच्याच मापाची खाच करते. ओढताना खुंट्यांकडे किंचित कल द्या, म्हणजे उतार आपोआप जमतो. ईची जुनी रुंद खाच बुजवायची. घासून पडलेली भुकटी टाकू नका; ती खाचेत भरा, वर फेविक्विकचा एक थेंब सोडा, कडक होऊ द्या आणि जीसाठी नवी बारीक खाच कापा. बोटं नटाला चिकटली तर कोमट पाणी, साबण आणि धीर.

खोली किती? तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटकडे बघा. तार आणि फ्रेट यांच्यात पातळ कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट नसेल तर खाच जास्त खोल गेली. पुन्हा भुकटी, पुन्हा थेंब. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवर बोट दुखेल आणि सूर चढा लागेल. नट बसवताना मात्र फेविक्विक टिपक्यापुरतंच, कारण तो पुन्हा काढावा लागणार आहे. तुम्हाला नसेल, तर तुमच्यानंतरच्याला.

याच भागात डोक्यावर एक गोल धातूची टिकली दिसेल. डी आणि जी तारा लांबच्या खुंट्यांकडे जाताना वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून ती त्यांना दाबून धरते. आता तिच्याखाली ए आणि ई येणार. ई तिच्याखाली मावली नाही तर टिकलीचा स्क्रू काढून खाली एक छोटा वॉशर घाला. सायकलच्या दुकानात मिळतो.

पायरी चौथी : शिंगं, नॉब आणि इतर अवयव

लांब शिंगाच्या टोकाला पट्टा अडकवायचं बटण असतं. ते शिंग तिथवर लांब ठेवलंय ते दिसायला नव्हे, तोल साधायला. बेस उलटी केली की लांब शिंग खाली येतं आणि वर आखूड शिंग उरतं. त्यावर नवं बटण बसवलं की पट्ट्याचा आधार मागे सरकतो आणि नेक जमिनीकडे झुकतो. उजवा हात, जो आता तारा दाबणार आहे, तो फावल्या वेळात नेक उचलून धरायचंही काम करतो. यावर इलाज म्हणजे रुंद, खरखरीत आतल्या बाजूचा चामड्याचा पट्टा, जो खांद्यावर घसरत नाही. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा घेतलात तर प्रत्येक गाण्याअखेर तुम्ही वाकून नमस्कार केल्यासारखे दिसाल.

भोक पाडताना ड्रिलची टोकणी स्क्रूपेक्षा बारीक घ्या, किती आत जायचं तिथे टोकणीला चिकटपट्टी गुंडाळा आणि स्क्रू आधी साबणावर घासा. कोरडा स्क्रू कडक लाकडात निम्म्यावर तुटतो आणि मग तो कायमचा तिथलाच. लांब शिंगावरचं जुनं बटण काढून टाका, बसून वाजवताना ते मांडीत रुततं. भोकात फेविकॉल घालून गुल काढलेल्या काड्या ठोसा आणि सुकल्यावर कापून सपाट करा.

नॉब आता तारांच्या वर, तुमच्या मनगटाखाली आले आहेत. डावा हात रंगात आला की व्हॉल्यूमचा नॉब हळूहळू फिरतो, गाण्याच्या मधेच बेसचा आवाज नाहीसा होतो आणि बँडमध्ये कोणाच्याही ते लक्षात येत नाही. लक्षात न येण्याचा डावखुरेपणाशी संबंध नाही, तो बेसवाल्यांचा सामायिक प्रश्न आहे. केबलचा जॅकही नॉबशेजारीच असेल, म्हणजे प्लग कोपराला टोचणार. एल आकाराचा प्लग घ्या आणि केबल पट्ट्याच्या आतून मागे काढा. बॉडीला हात टेकायला दिलेला उतारही आता चुकीच्या जागी आहे; तुमच्या वाट्याला टोकदार कड येते. लांब बाह्यांचा शर्ट घाला.

पिकअपबाबत मात्र आनंदाची बातमी आहे. जॅझ बेसचे पिकअप सरळ पट्टीचे असतात, त्यांना वर-खाली सारखंच. प्रिसिजनचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांत विभागलेला : ई-एखालचा तुकडा नेकच्या बाजूला, डी-जीखालचा ब्रिजच्या बाजूला. उलटल्यावर जाड तारा ब्रिजकडच्या तुकड्यावर येतात आणि बारीक तारा नेककडच्या. त्यामुळे खर्ज आटोपशीर आणि टणक होतो, वरच्या तारा गोलसर होतात. कित्येकांना हा आवाज मूळपेक्षा बरा वाटतो आणि काही बनवणारे उजव्या हाताच्या बेसवरही पिकअप मुद्दाम असाच उलटा बसवतात. एवढ्या सगळ्या खटाटोपात कंपनीच्या चुका तुमच्याकडून सुधारल्या गेल्या, असं सांगण्याची ही एकमेव संधी आहे. ती सोडू नका.

नेकच्या कडेवरचे ठिपके, ज्यांच्याकडे बघून तुम्ही तिसरा, पाचवा, सातवा फ्रेट ओळखता, ते आता जमिनीकडे तोंड करून आहेत. समोर मांडी घालून बसलेल्या पाहुण्यांच्या मुलाला ते स्पष्ट दिसतात, तुम्हाला नाही. नेलपॉलिशचे नवे ठिपके वरच्या कडेला द्या : तिसरा, पाचवा, सातवा, नववा आणि बाराव्याला दोन. काडेपेटीच्या काडीचं टोक ब्रशपेक्षा बरं.

पायरी पाचवी : सूर

ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एक सॅडल असतं, आणि ती चार सॅडलं एका ओळीत नसतात. जाड तारेचं मागे, बारीक तारेचं पुढे. तारांची अदलाबदल झाली पण सॅडलं जुन्याच जागी राहिली, तर मोकळ्या तारा सुरात आणि वरचं सगळं बेसूर असा प्रकार होतो. आधी डोळ्यांनी अंदाज घेऊन ईचं सॅडल मागे आणि जीचं पुढे आणा. मग ट्यूनर लावून तार मोकळी जुळवा. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा, नंतर तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. दर वेळी तार पुन्हा जुळवा. एक संध्याकाळ सहज जाते. नव्या तारा रात्रभरात ताणल्या जातात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं पुन्हा.

मोबाइलवर रेकॉर्ड करून ‘ई ऐकूच येत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते आणि एवढा खालचा सूर मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला पेलत नाही. तो खालच्या मजल्यावर व्यवस्थित पोचलेला असतो.

पायरी सहावी : माणसांत वाजवणे

शिकताना डावखुऱ्याला एक हक्काची सवलत आहे. उजव्या हाताच्या शिक्षकासमोर बसलं की दोघांचे नेक एकाच बाजूला येतात. आरशात बघून शिकल्यासारखं. उजव्या हाताच्या विद्यार्थ्याला डोक्यात सगळं फिरवून घ्यावं लागतं, तुम्हाला नाही. शिक्षक मात्र तुमच्या बेसवर काही वाजवून दाखवू शकत नाहीत, त्यामुळे त्यांना तोंडाने समजावून सांगावं लागतं. काही शिक्षकांचा उत्साह यामुळे मावळतो.

स्टेजवर जागेचा प्रश्न येतो. मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन एकाच माइकवर गाताना पाहा : एकाचा नेक इकडे, दुसऱ्याचा तिकडे, मधे माइकला भरपूर जागा. हे साधायला उजव्या हाताच्या गिटारवाल्याच्या उजव्या बाजूला उभे राहा. कॉलेजच्या गॅदरिंगला चार फुटांत पाच जण उभे करतात, तिथे तर ही जागा आधीच पकडून ठेवा. डाव्या बाजूला उभे राहिलात तर दोन्ही नेक एकमेकांवर आदळतील. बेसचं डोकं जड असतं, तिला काही होत नाही. सूर उतरतात ते गिटारवाल्याचे.